पहिली मूठ विश्वजीतची

कवठ्याच्या येमाईची आन घेऊन सांगते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. खोटं निघालं तर माझी कवळी चहात पडू दे. दातांचीच आन घेतली असती, पर ते कवाच गेलं, आन् नसलेल्या जिनसाची आन घेणं म्हंजी देवीला फसवणं. तसलं आपण करीत न्हाई.

तर न्हावऱ्याला हौसराव म्हणून बागायतदार. त्यांची बायको साखरबाई, थोरला विश्वजीत आन् धाकटी तेजश्री. गोष्ट हाय तेजश्रीची, पर ती सुरू करायची तर विश्वजीतच्या हातापासनंच करावी लागती.

त्या पोराच्या हाताला गुण व्हता. पेरणीला पहिली मूठ कुणी टाकायची हे आमच्याकडं घरोघरी ठरल्यालं असतंय. पूर्वी पेरायला बैलांनी वढायची पाभर असायची, तिच्यावर लाकडाची वाटी, तिला चाडं म्हणायचं. चाड्यावर ज्याची मूठ, पीक त्याच्या नावानं. आता ट्रॅक्टर आला, मागं पेरणीचं यंत्र आलं, पेटीत बी ओतलं की झालं. तरीबी घरातला एक माणूस आधी मूठभर बी हातानं पेटीत सोडतो, मगच ट्रॅक्टरवाला गिअर टाकतो. त्याच्या आधी टाकला तर म्हातारी माणसं त्याच्या सात पिढ्या काढत्यात.

विश्वजीत सहावीत असताना हौसरावांनी त्याला पहिल्यांदा मूठ धराय लावली. त्या साली ज्वारी अशी माजली, की काढणीला माणसं यष्टीच्या टपावर उभी राहून कणसं खुडत व्हती. खाली कंडक्टर बोंबलतोय, "उतरा की ओ, शिरूरला कोर्टात तारखा हायत माणसांच्या!" आन् वरनं उत्तर येतंय, "एवढी एक ओळ राहिली!" ज्याला पटत न्हाई त्यानं त्या कंडक्टरला इचारावं. रिटायर झालाय, पर जिता हाय. आन् एकदा पोरानं बांधावर कलिंगड खाऊन बिया थुकल्या, तर येल सडक ओलांडून पलीकडं गेला आन् दुधाचा टेम्पो अडला. मग काय, पेरणी आली की गावातली माणसं हौसरावांच्या दारात. "तुमचा विश्वजीत द्या की घडीभर, मूठ टाकून जाईल." हौसराव मिशीत हसायचे आन् म्हणायचे, "न्या, पर जेवू घालून धाडा."

पोरगं पुण्याला कॉम्प्युटर शिकलं. तिथंच राहिलं असतं, पर कवठ्याचा रोहिदास त्याचा कालिजातला दोस्त. त्यानं शिरूरला खताच्या दुकानाच्या वर एक हापिस काढलं. काम काय, तर विहिरीवरची मोटर घरबसल्या मोबाईलवरनं चालू-बंद करायची. मोबाईलातला तो सगळा खेळ ही पोरं बनवायची, आन् विहिरीवर जाऊन डबाबी बसवायची.

आता त्यांच्या कामाची रीत सांगते, मला तेजश्रीनं सांगितली तशी. हर एका विहिरीची तऱ्हा निराळी. कुठं मोटर एकाची, कुठं चौघा भावकीची. म्हणून नवीन विहीर घेतली की कॉम्प्युटरात नवीन वावर आखायचं, त्याला ती रेपो म्हणत्यात. त्या वावरात जी कामं करायची, त्याची एकेक पाटी रोवायची, तिला इश्यू म्हणत्यात. पाटीवर काम लिव्हायचं, काम कुणाकडं ते नाव लिव्हायचं, आन् झालं की पाटी बंद करायची. त्यातली काही कामं सगळ्याच विहिरींना सारखी. लाईट जाऊन आली तर मोटर आपली आपण सुरू व्हतीय का बघा. रेंज नसल तर काय व्हतं बघा. असली.

रेपो उघडला, की ह्या ठरल्याल्या पाट्या विश्वजीत सोता बसून लावायचा. दरवेळी, नव्यानं, एकेक अक्षर बडवून. रोहिदास म्हणायचा, "आरं, मागच्या रेपोतनं उचलून चिकटव की, बोटं झिजवतोस कशाला?"

"बी हातानं टाकायचं असतंय," विश्वजीत म्हणायचा. "टाकताना त्या विहिरीचा इचार व्हतो."

मग रोहिदास हापिसात सगळ्यांना ओरडून सांगायचा, "थांबा रं, कामाला हात लावू नका. पहिली मूठ विश्याची!"

दोनेक सालामागं उसाचा हंगाम नुकताच लागला व्हता. विश्वजीत दिवस मावळताना चौफुल्याकडनं गाडीवरनं घरी यायला निघाला. सडकंच्या कडंला उसाची ट्रॉली उभी. मागं ना लाल दिवा, ना चमकती पट्टी. गोष्ट सांगणारीला समदं वाढवून सांगता येतंय. हे न्हाई येत.

त्या साली हौसरावांनी गहू मुठीशिवाय पेरला. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "वत आन् चालव." आन् गोठ्यातली म्हस रोज संध्याकाळी फाटकाकडं तोंड करून उभी राहायची, धार द्यायची न्हाई. गाड्या कितीक जायच्या, मान हलायची न्हाई, तिला एकाच गाडीचा आवाज पाहिजे व्हता. शेवटी साखरबाई पोराचा शर्ट अंगात घालून खाली बसल्या तवा तिनं पान्हा सोडला. अजून तो शर्ट गोठ्यातच खुंटीला असतोय.

तेजश्रीचं कॉम्प्युटरचं शिक्षण त्याच साली पुरं झालं. रोहिदास घरी येऊन म्हणाला, "आप्पा, तेजूला धाडा. त्याची खुर्ची तशीच हाय." हौसराव उठून गोठ्याकडं गेले. साखरबाईंनी डबा भरला. दोन माणसांचा भरला, सवयीनं. पोरीनं तो तसाच नेला.

विश्वजीत गेला तवापासनं नवीन रेपो रिकामेच ऱ्हायचे. ठरल्याल्या पाट्या लावायचं कुणाच्या ध्यानातच यायचं न्हाई. एका गिऱ्हाइकाकडं बंद दाबलं की मोटर चालू व्हायची आन् चालू दाबलं की बंद. ते गिऱ्हाईक हापिसात येऊन म्हणालं, "ह्यापेक्षा माझी बायको बरी, ती निदान निम्म्या येळंला ऐकती." सगळी हसली. रोहिदास हसला न्हाई.

"तेजू," तो म्हणाला, "विश्या जे हातानं टाकायचा ते आपोआप पडंल असं कायतरी बसव. नवीन रेपो उघडला की ठरल्याल्या पाट्या आपल्या आपण उभ्या राहिल्या पाहिजेत. माणूस इसरतो. मशीन इसरत न्हाई."

तेजश्री दादाचे जुने रेपो उघडून बसली. एकेक पाटी वाचायला लागली, आन् तिला दादाच बोलताना ऐकू यायला लागला. एका पाटीवर लिव्हलं व्हतं, 'आजीबाईच्या हातात मोबाईल देऊन बघा. तिला चालवता आली तरच आपण इंजिनेर.' आन् एक पाटी हर एका रेपोत व्हती, खटक्याची. विहिरीवरच्या डब्याला एक खटका असायचा. विहिरीत माणूस उतरणार असला की खटका ओढायचा. मग कुणीबी, कुठनंबी मोबाईल दाबला तरी मोटर सुरू व्हता कामा नये. त्या पाटीवर दादानं लिव्हलं व्हतं, 'खटका ओढून सगळ्यांच्या मोबाईलवरनं मोटर चालू करून बघा. विहिरीवर उभं राहून बघा, खुर्चीत बसून न्हाई. चालू झाली तर आपण जेवायचं न्हाई.'

एका शब्दाला तिनं हात लावला न्हाई. सगळ्या पाट्या तशाच्या तशा मशीनला शिकवल्या.

शेवटाला मशीननं इचारलं, ह्या पाट्या कुणाच्या नावानं लावू?

हितं सोताचं नाव लिव्हायचं, न्हाईतर मशीनलाच एक नाव द्यायचं. पर दादाचं खातं अजून चालू व्हतं. रोहिदासला ते बंद करायचा धीर झाला नव्हता, आन् दादाच्या कॉम्प्युटरला अजून दादाच बसलाय असं वाटत व्हतं. तेजश्रीनं दादाचं नाव लिव्हलं. मशीननं पुढं इचारलं, कामं कुणाकडं? दादाची रीत व्हती, पाटी ज्यानं लावली त्यानंच काम करायचं. तिनं परत दादाचंच नाव लिव्हलं.

मग तिनं पारखायला म्हणून एक रिकामा रेपो उघडला. पापणी लवायच्या आत पाट्या उभ्या. आन् हर एक पाटीपाशी दादाचा गोल फोटू, मामाच्या लग्नातला, फेटा तिरपा, हसणारा. 'विश्वजीत यांनी उघडले, आत्ताच.'

आत्ताच.

तेजश्रीनं तोंडावर वढणी धरली. रोहिदास मागं येऊन उभा राहिला.

"काढू का?" तिनं इचारलं.

"राहू दे," तो म्हणाला, आन् चहा सांगायच्या निमित्तानं जिना उतरून खाली गेला. चहा काय आला न्हाई.

त्या दिवशी घरी येऊन तिनं मोबाईल आईपुढं धरला. "आई, दादानं आज काम काढलं बघ." साखरबाईंना वाचता थोडंच यायचं. त्यांनी फोटूवरनं बोट फिरवलं. "कसा हसतोय बघ मेला." आन् मग हळूच, "आजचं हाय व्हय हे?"

"आजचं."

साखरबाईंनी पुढच्या बाजारी शिरूरला जाऊन मोठ्या भिंगाचा चष्मा केला. नवीन विहीर आली की तेजश्रीच्या पायात पायताण असतानाच इचारायच्या, "आला का आज?" फोटू बघायच्या आन् मगच भाकरी थापायला घ्यायच्या. घरात परत कुणीतरी हसल्यासारखं व्हायला लागलं.

हौसराव मात्र एकदा बघून उठले. "तेजे, मेल्या माणसाच्या मुठीनं पेरत न्हाईत."

"आप्पा, हे पेरणं न्हाई. कॉम्प्युटर हाय."

"कॉम्प्युटर हाय ते कळतंय मला. पेरल्यावर वावरात राबायला पेरणारा लागतोय. तो कुठंय?"

"मी हाय की," तेजश्री म्हणाली. "त्याच्या नावावरचं हर काम मी करती."

आन् खरंच करायची. स्कूटी घेऊन विहिरी-विहिरी हिंडायची, खटका ओढायची, सगळ्यांचे मोबाईल दाबून बघायची, आन् हापिसात येऊन दादाच्या नावानं पाटी बंद करायची. 'विश्वजीत यांनी बंद केले.' तेवढं वाचलं की तिला त्या दिवशी जेवण जायचं. एका विहिरीवर कुत्री मागं लागली तर ही पोरगी चालत्या स्कूटीवर उभी राहून बाभळीच्या फांदीला लोंबकळली, आन् स्कूटी एकटी गावात जाऊन देवळापुढं उभी राहिली. हे मी डोळ्यांनी बघितलं न्हाई, पर स्कूटी बघितली. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

मग दौंडकडनं काम आलं. भीमेच्या काठाला पोपटरावांची विहीर, चुलत्या-पुतण्यांची मिळून. चार मोबाईल, एक मोटर. दौंड लांब पडतंय म्हणून रोहिदासनं तिकडं मच्छिंद्र नावाचा वायरमन ठेवला. नवीन पोरगा, हुशार, लई अदबीचा. त्याला शिरूरची माणसं फोनावरच माहीत. विश्वजीत कोण, काय, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी काय? हापिसात त्या नावाचा इषयच कुणी काढायचं न्हाई.

त्यानं डबा बसवला. कॉम्प्युटरात बघतो तर खटक्याच्या पाटीवर विश्वजीत सरांचं नाव. त्यानं खाली लिव्हलं, 'नमस्कार विश्वजीत सर. मी मच्छिंद्र, दौंडला नवीन हाय. तुमचं लिव्हल्यालं वाचून लई शिकाय मिळतंय. हे खटक्याचं तुम्ही बघताय ना सर?'

तेजश्रीनं ते दोनदा वाचलं. वरीस व्हत आलं व्हतं. वर्सात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या दादाला नमस्कार घातला व्हता. मेल्यावर घालत्यात तसला न्हाई. समोर उभ्या असलेल्या माणसाला घालत्यात तसला. दादा मेला म्हणून लिव्हायचं? तिनं लिव्हायला घेतलं आन् खोडलं. परत घेतलं, परत खोडलं. मग दादाच्या नावानं नुसता एक अंगठा उठवला, मोबाईलवर धाडत्यात तो. बघतो म्हणून. दौंडला दोन दिवसांत जाऊ, सोता खटका ओढून बघू, पाटी बंद करू, असं तिनं मनाशी धरलं.

दोन दिवसांनी दादाचं वर्षश्राद्ध निघालं. आई म्हणाली, "आदल्या दिवशी कुठं जायचं न्हाई, वाटाय-कुटायला कोण हाय मला?" पोरगी थांबली. एक दिवस, तिनं इचार केला. एका दिवसात काय व्हतंय.

तिकडं मच्छिंद्रानं अंगठा बघितला आन् त्याला वाटलं, सरांनी बघितलं. एवढे मोठे सर, आपण किती टोकायचं? पोपटरावांनी इचारलं, "ह्या खटक्याचा भरवसा हाय ना रं?"

"बिनघोर ऱ्हावा आबा," मच्छिंद्र म्हणाला. "शिरूरच्या विश्वजीत सरांनी सोता बघितलाय."

वर्षश्राद्धाला न्हावऱ्याला पंगत बसली व्हती. रोहिदासबी आला व्हता, भिंतीला टेकून बसला व्हता. वर विश्वजीतचा हार घातलेला फोटू, तोच, तिरप्या फेट्याचा. साखरबाई खीर वाढत व्हत्या. रोहिदासचा फोन वाजला. त्यानं दोनदा कापला. तिसऱ्यांदा घेतला तर पलीकडनं मच्छिंद्र असा ओरडत व्हता, की पंगतीतल्या शेवटच्या माणसापातूर ऐकू गेलं.

"सर, आबांनी खटका ओढला व्हता हो! मोटर-पंपाच्या कपलिंगच्या सांध्यात हात व्हता त्यांचा, आन् मोटर सुरू झाली! पुतण्यानं मोबाईल दाबला, त्याला ठावंच न्हाई चुलता विहिरीत हाय ते! सर, विश्वजीत सरांना द्या फोन! त्यांनी बघितला व्हता खटका, त्यांना इचारा हे झालं कसं! द्या की त्यांना!"

रोहिदासनं फोन कानापासनं लांब धरला. त्याची नजर वर फोटूकडं गेली. समद्यांचीच गेली. साखरबाईंच्या हातातल्या पळीतनं खीर पत्रावळीवर न पडता भुईवर सांडत राहिली.

तेजश्री उठली. तिच्या हाताला पीठ व्हतं, ते तसंच. हौसरावांनी तिच्याकडं एकदा बघितलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

दौंडच्या दवाखान्यात मच्छिंद्र दाराशी उभा व्हता, शर्टावर रगत वाळल्यालं. रोहिदासच्या मागं तो कुणालातरी शोधाय लागला.

"विश्वजीत सर न्हाई आलं?"

"तो अंगठा माझा व्हता," तेजश्री म्हणाली. "माझा दादा मागल्या साली गेला. आज त्याचं वर्षश्राद्ध व्हतं. खटका कुणीबी बघितला न्हाई, मच्छिंद्रदादा. तुम्ही इचारलं व्हतं. मी बघणार व्हते. मी आले न्हाई."

मच्छिंद्राला पहिल्यांदा कळंचना. मग कळलं. "मी सरांना नमस्कार घातला व्हता," एवढंच म्हणाला. आन् मग, "मी आबांना त्यांचं नाव सांगितलं व्हतं ताई. त्यांच्या नावावर आबा खाली उतरलं."

पोपटरावांच्या उजव्या हाताची चारी बोटं गेली व्हती. अंगठा तेवढा राहिला व्हता. उशाला त्यांची बायको धुरपदाबाई, नवऱ्याची टोपी मांडीवर घेऊन. तेजश्री पायथ्याशी उभी राहिली आन् तिनं सगळं सांगितलं. दादाचं नाव, मशीन, अंगठा, श्राद्ध. काही झाकलं न्हाई. सांगता सांगता तिला रडू फुटलं. तवा पोपटरावांनी डोळं उघडलं, थोडंसं हसलं, आन् म्हणालं, "रडू नगंस पोरी. मूठ गेली, मनगट हाय की अजून. जा तू. आन् दुसऱ्या कुणाच्या विहिरीत असं व्हऊ देऊ नगंस."

ती तिथनं नीट शिरूरला गेली, हापिसात, दादाच्या खुर्चीत बसली.

"मी काढू का?" रोहिदास म्हणाला. "मीच राहू दे म्हणालो व्हतो."

"मी लावलं, मीच काढते."

आधी तिनं खटक्यातला दोष हुडकला. लई मोठा नव्हता. पहिल्या तीन मोबाईलना खटका अडवत व्हता, चौथ्याला न्हाई. विहिरीवर उभं राहून चार जणांचं मोबाईल दाबलं असतं, तर चहा निवायच्या आत कळलं असतं. मग तिनं मशीन उघडलं. पाट्या लावणारा म्हणून मशीनचंच नाव घातलं. आन् कामं कुणाकडं, तिथली जागा मोकळी सोडली. जो माणूस विहिरीवर जाऊन उभा राहील त्यानं सोताचं नाव सोता लिव्हायचं. तवर डबा चालूच व्हणार न्हाई, असं करून टाकलं. पाट्यांवरचे दादाचे शब्द तेवढे ठेवले. 'चालू झाली तर आपण जेवायचं न्हाई.' ते काढायला तिचा हात गेला न्हाई, आन् काढायचं कारणबी नव्हतं. शब्द खरेच व्हते.

शेवटाला दादाचं खातं. मशीननं इचारलं, नक्की बंद करायचं? परत उघडता येणार न्हाई. तिनं हो म्हणलं. जिथं जिथं तिरप्या फेट्यातला दादा हसत व्हता, तिथं तिथं करड्या रंगाचं बिनतोंडाचं मुंडकं आलं. एकामागं एक. सगळ्या विहिरींवर.

घरी साखरबाई चष्मा लावूनच बसल्या व्हत्या. "आज आला न्हाई का गं?"

"न्हाई, आई."

"मग उद्या?"

"आता येणार न्हाई तो."

साखरबाईंनी चष्मा काढला, पदरानं भिंगं पुसली, डबीत ठेवला. "उगा केला मग एवढा मोठा," म्हणाल्या, आन् चुलीकडं गेल्या. ते दुसरं मरण व्हतं त्या घरातलं, आन् ह्याला भेटायला कुणी येणार नव्हतं.

गव्हाची पेरणी आली. ट्रॅक्टर वावरात उभा, पेटीचं झाकण उघडं. ट्रॅक्टरवाल्याला मागल्या सालचं ठाऊक व्हतं, त्यानं इचारलंबी न्हाई, पोतं वतायला उचललं.

"थांब," हौसराव म्हणाले. "तेजे, हिकडं ये. मूठ धर."

पोरगी जागची हालली न्हाई. "माझ्या हातानं, आप्पा? माझ्या हातापायी त्या माणसाची बोटं गेली."

"म्हणूनच तर म्हणतो. तू आता पेरून दुसरीकडं बघणार न्हाईस."

तिनं पोत्यात हात घातला, मूठ भरली, पेटीवर धरली. आन् ती मूठ उघडंचना. ट्रॅक्टरवाल्यानं बघितलं आन् इंजिन बंद केलं. बांधावर साखरबाई. टिटवी तेवढी ओरडत व्हती. मग एकेक बोट सुटलं. गहू पेटीत पडला. दोन-चार दाणं घामानं तळव्याला चिकटून राहिलं, ते तिनं झटकलं न्हाई, तसंच वढणीच्या टोकाला बांधलं.

गहू कसा आला म्हणाल, तर समद्यांचा येतो तसा आला. यष्टीच्या टपाची गरज पडली न्हाई.

आता येमाईची आन घेतली व्हती, तवा एक सांगून टाकते, न्हाईतर कवळी खरंच चहात जायची. दवाखान्यात पोपटराव बोललं न्हाईत. मूठ, मनगट, ते सगळं माझ्या पदरचं. त्यांनी पोरीचं ऐकलं आन् तोंड भिंतीकडं केलं. धुरपदाबाई म्हणाल्या, "जा बाई आता." ती गेली. अजून ती महिन्या दोन महिन्यानं दौंडला त्यांच्या विहिरीवर जाती, खटका ओढून चारी मोबाईल दाबून बघती. पोपटराव बांधावर उभं असत्यात, उजवा हात सदऱ्याच्या खिशात. बोलत न्हाईत. ती बी काही मागत न्हाई. मलाच राहवलं न्हाई, म्हणून मी त्यांच्या तोंडी तेवढं घातलं.

बाकी समदं खरं हाय. कंडक्टरला इचारा.